माळ्यावरचे सागवान

घर पाडणे आणि घर उतरविणे या दोन क्रियापदांत फरक आहे. आमच्या लहानपणी वसईच्या गावांतून घरबांधणीची कामे करणारी माणसे, जुने घर मोडायचे झाले की ते ‘उतरवायचे’ असे म्हणत. आधी कौले उतरत, मग रिपा, मग वासे, मग तुळया आणि सर्वांत शेवटी खांब. चढताना जे शेवटी चढले ते उतरताना पहिले खाली येई. प्रत्येक लाकडावर खडूने खूण केली जाई आणि ते वाडीतल्या एखाद्या झाडाखाली, विटांच्या तुकड्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच रचून ठेवले जाई. आता सकाळी आठ वाजता यंत्र येते आणि दुपारच्या जेवणापर्यंत घर पडलेले असते. या कामाला ‘पाडणे’ हाच शब्द योग्य आहे. जुन्या लाकडाला दुसरे आयुष्य मिळणार की नाही, हे आमच्या अनुभवाप्रमाणे सुताराच्या कामठ्यावर ठरत नाही. ते त्या सकाळीच ठरून जाते.

आमच्या भागातील जुन्या ख्रिस्ती घरांत किती तऱ्हेचे लाकूड असे, हे आजच्या तरुण वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. खांबांना ऐन किंवा साग, तुळयांना आणि माळ्याच्या फळ्यांना साग, वाशांना ऐपतीप्रमाणे साग नाही तर ताडाचे खोड. घरातला आल्तार फणसाचा, आणि एखाद्या खात्यापित्या घरी शिसवीचा. फणसाचे लाकूड नवे असताना हळदीसारखे पिवळे असते आणि वर्षांगणिक तांबूस तपकिरी होत जाते. घरातल्या मेणबत्त्यांच्या धुराने आणि हातांच्या स्पर्शाने त्याला जी झळाळी येते ती कोणत्याही पॉलिशने येत नाही. यातले बरेचसे लाकूड तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जंगलांतून बैलगाड्यांनी आलेले. ज्यांचे कोणी मुंबईत नोकरीला होते, त्यांच्या घरी मात्र कधी कधी बर्माचा साग येई.

या बर्मा सागाची कथा मोठी आहे, आणि ती सारीच भूषणावह नाही. तिकडच्या जंगलात झाड तोडण्याआधी त्याच्या बुंध्याभोवती खोल वर्तुळाकार खाच घेत आणि दोन-तीन वर्षे ते उभ्यानेच वाळू देत. ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो; म्हणून ही खटपट. मग हत्तींनी ओढून ओंडके नदीकाठी आणायचे आणि पावसाळ्याच्या पुरात ते खाली बंदराकडे सोडायचे. १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा या व्यापारात मोठा वाटा होता. कंपनीने मोजदादीपेक्षा अधिक ओंडके नेले असा ठपका ठेवून ब्रह्मी दरबाराने तिला दंड केला. ते निमित्त साधून इंग्रजांनी १८८५ साली युद्ध पुकारले आणि थिबा राजाचे राज्य गेले. तो राजा आपल्या रत्नागिरीस आणला गेला आणि १९१६ साली तेथेच वारला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा सहलीला गेलेल्या पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. आमच्या आजोळच्या माळ्याचा आणि त्या राजाच्या हद्दपारीचा काही संबंध असू शकतो, हे आम्हांस सेमिनरीत इतिहास शिकतानाही कधी सुचले नव्हते.

सागाच्या टिकाऊपणाचे गुपित त्याच्या अंगच्या तेलात आहे. गाभ्याच्या लाकडातील हे तेलकट द्रव्य वाळवीला आणि बुरशीला रुचत नाही. सालीलगतचा पांढरा भाग मात्र भुंगा खातो, मग झाड कितीही थोर कुळातले असो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बोमनजी यांनी मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. त्याच देशात लंडनला लिबर्टी नावाचे एक प्रसिद्ध दुकान आहे. १९२४ साली त्याची इमारत बांधली ती ‘इम्प्रेग्नेबल’ आणि ‘हिंदुस्तान’ या दोन जुन्या युद्धनौका मोडून निघालेल्या लाकडातून. नौकांच्या डेकच्या फळ्या तेथे दुकानाची जमीन झाल्या. ज्यांवर खलाशी अनवाणी धावले असतील त्या फळ्यांवर आज बायका रेशमी कापड निवडत हिंडतात. लाकडाला लाज नसते आणि गर्वही नसतो, हा त्याचा एक मोठाच गुण.

आपल्याकडे हा व्यवहार जुनाच आहे. मुंबईच्या चाळी आणि गिरण्या मोडू लागल्या तसे त्यांतले सागवान रे रोडच्या वखारींत आणि जोगेश्वरीच्या ओशिवरा भागातील जुन्या फर्निचरच्या बाजारात येऊ लागले. १९८२ चा संप ज्यांच्या घरात उपासमार घेऊन आला, त्यांच्या गिरणीचा जिना आज एखाद्या उपाहारगृहात जेवणाचे मेज होऊन बसलेला असेल. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून सागाचे गोल ओंडके बाहेर पाठविणे बंद केले, आणि जुन्या तुळयांकडे पाहण्याची व्यापाऱ्यांची नजर आणखीच बदलली. वसईतही माणसे हिंडू लागली. घर पाडण्याचा ठेका ‘मलब्यासकट’ द्या, आम्ही एक पैसा घेणार नाही, असे सांगणारा मनुष्य भला वाटतो. मलबा म्हणजे दगडविटा असे घरमालक समजतो, आणि ठेकेदार मात्र मनातल्या मनात घनफूट मोजत असतो.

एक गंमत येथे नोंदवावीशी वाटते. घरचे सागवान असे मलब्यात देऊन जी कुटुंबे नव्या सदनिकांत राहावयास गेली, त्यांतील एकीच्या गृहप्रवेशाचा आशीर्वाद देण्यास आम्ही गेलो होतो. दिवाणखान्यातील जमीन लाकडाची दिसली, म्हणून आम्ही कौतुकाने वाकून पाहिले. ते लाकडाचे छायाचित्र होते. दाबून केलेल्या भुशाच्या पाटीवर छापील कागद, त्या कागदावर सागाचे तंतू, आणि खरेपणा वाटावा म्हणून जुन्या खिळ्यांची भोकेसुद्धा छापलेली. दर चौथ्या फळीवर तेच भोक त्याच जागी. आम्ही आशीर्वाद दिला आणि चहा घेतला.

आमच्या धर्मग्रामातील जुने धर्मगुरुनिवास मोडायचे ठरले तेव्हा हा प्रश्न आमच्या दारी आला. इमारत शंभरीला टेकलेली. पश्चिमेकडची भिंत पावसाने खचलेली, छप्पर तीन ठिकाणी गळत होते, त्यामुळे ती ठेवण्याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. ठेकेदाराचे पत्र सभेपुढे आले: पाडण्याचे काम फुकट, लाकूड त्याचे. समितीतील बहुतेकांस ते पटले, आणि ज्यांस पटले ते काही अविचारी लोक नव्हेत. हिशेब पाहणाऱ्या सभासदांनी मांडलेला मुद्दा सरळ होता. उतरविण्यास मजूर लागतील, ठेवण्यास जागा लागेल, चिरण्यास पैसे लागतील. एवढ्या पैशात नव्या फरश्या येतात आणि उरलेल्या पैशातून दोन मुलांची फी भरता येते. गरिबांच्या नावाने केलेला युक्तिवाद आम्हां धर्मगुरूंस निरुत्तर करतो.

सभेत मागच्या बाकावर गावातील एक वयोवृद्ध सुतार बसले होते. आम्ही सारे त्यांना मेस्त्री म्हणतो. ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर ते माळ्यावर चढले आणि आम्हांसही वर बोलावले. खिशातला चाकू काढून त्यांनी एका तुळईची काजळी बोटभर खरवडली. आतून मधासारखा रंग निघाला. मग त्यांनी ती कपची आमच्या हातावर ठेवली. “वास घ्या, फादर.” शंभर वर्षांनंतरही चामड्यासारखा, किंचित तेलकट असा तो वास जिवंत होता.

“अकरा तुळया आहेत,” ते म्हणाले. “बारा फूट लांब, आठ इंच बाय सहा इंच. एकीत चार घनफूट. यंत्र लावलं तर सांध्यापाशी फाटतील, मग जळाऊ. माणसं लावली तर अकराच्या अकरा सरळ खाली येतील. तुम्ही सांगा काय करू.”

पुढल्या सभेत आम्ही एवढेच सांगितले की नव्या इमारतीत मुलांसाठी जी अभ्यासिका होणार आहे, वीस फूट बाय पंधरा फुटांची, तिची जमीन या तुळयांतून होऊ शकते. मत घेतले. दोन मतांनी प्रस्ताव संमत झाला. खर्चाविषयी वाचकांस अंधारात ठेवणे बरे नव्हे: फरश्यांपेक्षा ही जमीन महाग पडली. लाकूड फुकट होते, पण हात फुकट नव्हते. ज्या सभासदांनी विरोध केला त्यांचा आकडा बरोबर होता आणि आजही आहे. उतरविण्यास एक दिवसाऐवजी एकोणीस दिवस लागले. परंतु त्या एकोणीस दिवसांची मजुरी आमच्याच पंचक्रोशीतील घरांत गेली, आणि ती मजुरी म्हणजेही कोणाची तरी फीच होती, असे आमचे मत आहे.

काम कसे झाले ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुष्कळांच्या घरी हा प्रसंग येणार आहे. तुळया उपवासकाळात, म्हणजे कोरड्या दिवसांत उतरविल्या. वखारवाल्याने पहिला प्रश्न विचारला तो खिळ्यांचा. लाकडात दडलेला एक खिळा करवतीच्या पट्ट्याचे दात उडवतो, म्हणून पुष्कळ वखारी जुने लाकूड चिरण्यास घेतच नाहीत. मेस्त्रींनी वेदीसेवक मुलांना कामास लावले. दोरीला बांधलेले लोहचुंबक प्रत्येक तुळईवरून इंचाइंचाने फिरवायचे. जेथे ते चिकटेल तेथे खडूने फुली. मुलांनी त्याचा खेळ केला आणि चढाओढीने फुल्या मोजल्या. डालड्याचे चार डबे खिळे निघाले. त्यांत काही हाताने घडविलेले चौकोनी खिळे होते, आणि ज्या ज्या ठिकाणी ते बसले होते तेथे लाकडाला काळा डाग पडलेला. मेस्त्रींनी ते डाग काढले नाहीत, उठूनही दिसू दिले नाहीत. अशा फळ्या त्यांनी भिंतीकडेला वापरल्या.

दारे-खिडक्यांच्या बाबतीत मात्र त्यांनी मुलांना हात लावू दिला नाही. जुन्या तैलरंगात शिसे असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारे नियम आपल्या देशात २०१६ साली झाले, म्हणजे त्याआधीचा जुना रंग संशयितच समजावा. तो कोरडा घासला की धूळ उडते आणि ती धूळ मुलांच्या मेंदूस अपाय करते. ज्या घरांत लहान मुले आहेत त्यांनी जुने रंगीत दार अंगणात घासण्याचा मोह टाळावा. आमच्याकडे तो रंग ओला करून, तोंडाला फडके बांधून खरवडला आणि खरवड वेगळी गोळा केली.

चिरल्यानंतर फळ्या लगेच बसविल्या नाहीत. येथे आम्हांस घाई होती आणि मेस्त्रींना नव्हती. लाकूड शंभर वर्षांचे असले तरी चिरले की आतला भाग प्रथमच हवेला लागतो. तो हवेतला ओलावा घेतो, सोडतो, थोडा वळतो. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलते. म्हणून फळ्यांमध्ये काड्या घालून, वारा खेळेल अशी थप्पी चर्चच्या बाजूच्या पडवीत रचली, आणि पावसाळा सरू दिला. मोतमावलीच्या सणानंतर ती थप्पी ज्या खोलीत बसवायची त्याच खोलीत नेली आणि नाताळापर्यंत तशीच ठेवली. एकेका तुळईतून पांढरा भाग, फाटलेली टोके आणि करवतीचा भुसा वजा जाता सुमारे तीस चौरस फूट फळी मिळाली. चार घनफुटांचे अठ्ठेचाळीस व्हावयास हवे होते. बाकीचे असेच जाते, आणि जावयास हवे असते. कीड लागलेला भाग ठेवण्याचा लोभ धरला तर सारी जमीन वाया जाते.

फळीच्या एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच, ज्याला सुतार आता टंग-ग्रूव्ह म्हणतात, तसे सांधे केले. खिळे जिभेतून तिरपे मारले म्हणजे वरून दिसत नाहीत. भिंतीलगत चारी बाजूंनी अर्धा इंच जागा मोकळी सोडली आणि वर पट्टी मारून ती झाकली. आपल्याकडील पावसाळ्यात जमिनीला फुगण्यास जागा ठेवली नाही तर ती मधोमध उचलते. तळमजल्यावर मेस्त्रींनी असली जमीन करू दिली नसती. खालून ओल चढते, असे त्यांचे म्हणणे, आणि वसईची ओल ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते पटेल. शेवटी जवसाचे तेल आणि मेण. तेलाने भिजलेली फडकी त्यांनी चुरगळून कोपऱ्यात टाकू दिली नाहीत. एकेक पसरून बाहेर दोरीवर वाळत घातली. जवसाच्या तेलाची फडकी ढिगात राहिली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

चर्चमधून निघालेल्या लाकडाचा प्रश्न निराळा होता. व्हॅटिकन परिषदेनंतर वेद्या लोकांसमोर आल्या, आणि वेदीपुढील कठडे, उंच व्यासपीठे अडगळीत गेली. आमच्या माळ्यावर तो कठडा होता आणि पापनिवेदनाचे, आमची जुनी माणसे ज्याला कुमसार म्हणत त्याचे, जाळीदार कपाट होते. एका हॉटेलासाठी ते कपाट मागावयास एक गृहस्थ आले. आत दूरध्वनी ठेवावयाचा त्यांचा विचार होता. देऊ केलेली रक्कम चांगली होती. १९८३ च्या कॅनन लॉचे ११७१ वे कलम सांगते की आशीर्वाद देऊन उपासनेसाठी राखलेल्या वस्तू आदराने वागवाव्यात, त्या ऐहिक किंवा अनुचित वापरासाठी देऊ नयेत. आम्ही त्या गृहस्थांना कलम सांगितले नाही. ज्या जाळीला ओठ लावून आमच्या पणज्यांनी आपली दुःखे सांगितली, तिच्यातून कोणी खोलीवर चहा मागवावा हे आम्हांस रुचणार नाही, एवढेच सांगितले. ते हसले आणि गेले. कठड्याच्या लाकडाच्या गुडघे टेकण्याच्या फळ्या झाल्या. कपाट अजून तसेच उभे आहे. त्याचे काय करावे यावर समितीत एकमत नाही आणि आमचेही मन स्थिर नाही.

याच सुमारास, पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांस ख्रिस्तप्रसाद देण्यास गेलो असता, पलीकडच्या वाडीतील एका नव्वदीच्या आजींनी आम्हांस थांबवून घेतले. त्यांचेही घर मोडायचे होते. तिघा मुलांनी विकासकाशी करार केला होता. आजींनी बिछान्यातूनच वर बोट केले. “फादर, या माळ्याखाली मी नवरी म्हणून आले. सहा बाळंतपणं याच्याखाली झाली. मुलांना सांगून ठेवलंय, माझी पेटी या फळ्यांची करा.”

मुलांची ना नव्हती. मेस्त्रींची होती. “बाकी सांगाल ते करीन,” ते आम्हांस म्हणाले, “पण हा साग मातीत घालणार नाही. शंभर वर्षं उभा राहिला, अजून शंभर राहील. आणि मातीतसुद्धा तो कुजायचा नाही, फादर. पुढच्याला खड्डा खणताना हाताला लागेल.” दफनभूमी लहान असलेल्या कोणत्याही धर्मग्रामाच्या धर्मगुरूला या बोलण्याचा अर्थ समजेल. आपल्या भागातील काही धर्मग्रामांत आता पेटी न पुरता सुती कापडात दफन करतात, त्याचे एक कारण हेच आहे.

मरणाच्या दारी बसलेल्या माणसाची इच्छा मोठी की कारागिराचा विवेक मोठा, हे ठरविण्याचा अधिकार आम्ही घेतला नाही. आम्ही मेस्त्रींनाच आजींकडे नेले. ते बिछान्याशेजारी स्टुलावर बसले, बराच वेळ माळ्याकडे पाहत राहिले, आणि मग म्हणाले, “आजी, पेटी करतो. पण ती देवळाची. तुम्हाला तिच्यातून नेऊ, कापडात खाली ठेवू, आणि पेटी परत आणू. मग ज्याची पाळी येईल त्याला.”

आजी गप्प झाल्या. आम्हांस वाटले त्या दुखावल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “म्हणजे मी उतरायचं आणि फळ्या परत यायच्या?”

“होय.”

“मग मधल्या पोराच्या मापाची करा. तो सहा फुटांच्या वर आहे. माझ्या मापाची केलीत तर त्याचे पाय बाहेर येतील.”

मुलांनी विकासकाकडून आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि तेवढ्यात माळा उतरविला. पेटी सहा फूट सहा इंचांची झाली. खाली काढता येणारा तळ, बाजूंना खाचेत कुसू बसवून केलेले सांधे, खिळा एकही नाही. ती सॅक्रिस्टीमागच्या खोलीत दोन घोड्यांवर ठेवलेली असते. आतापर्यंत सात जणांना तिने पोहोचविले. पहिला मान ताडी उतरविणाऱ्या एका गृहस्थांना मिळाला. आजी अजून आहेत. दर पहिल्या शुक्रवारी त्या आम्हांस विचारतात, “पेटी बरी आहे ना?” उरलेल्या फळ्यांतून त्यांच्या नव्या सदनिकेत जेवणाचे एक मेज झाले आहे, त्यावर नातवंडे अभ्यासही करतात.

खांद्यावर घ्यावयाच्या दांड्या मात्र मेस्त्रींनी बांबूच्या केल्या. त्याही सागाच्याच हव्या होत्या, असे आम्ही सुचवून पाहिले. “सागाचा घनफूट अठरा किलोच्या आसपास भरतो, फादर,” ते म्हणाले. “खांदा देणाऱ्यांचंही बघायला हवं.”